घरी एकटीनं योगासनं टिकतच नाहीत, काय करू?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्यात शाहूपुरीला राहते, वय ४३, नोकरी दिवसभर बसायची. दोन वर्षांत तीन वेळा योगाचा क्लास लावला, क्लासला जात असले की सगळं छान होतं, पश्चिमोत्तानासनात बोटं पायाच्या अंगठ्याला टेकायला लागली होती, पण बॅच संपली की घरी आठ-दहा दिवस कसंबसं आणि मग बंदच. मॅट दाराच्या मागं उभी आहे, रोज दिसते आणि रोज वाईट वाटतं. कंबर परत दुखायला लागलीये, उजवा गुडघा पण कुरकुरतो. मी आळशी आहे असं घरचे म्हणतात आणि आता मलाही तसंच वाटायला लागलंय. घरी किती वेळ करावं, कोणती आसनं करावीत, आणि योगसूत्रं वगैरे वाचून काही फरक पडतो का?

औंधकर_काका:
ताई, आपला तर सूर्यनमस्काराचाच मुलूख आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलांकडूनही घालून घ्यायचे. माझे वडील त्यातल्याच एका शाळेतले, त्यामुळं आमच्या घरी आंघोळ झाली की बारा नमस्कार, मित्राय नमः पासून भास्कराय नमः पर्यंत, त्याशिवाय चहा नाही. मी ६८ वर्षांचा आहे, अजून चालू आहे. बारा नावं म्हणत घातले की मोजायला लागत नाही आणि मध्येच सोडवतही नाही. तुम्ही बारापासूनच सुरू करा.

माहुली_संगम:
काकांचा अनुभव मोठाच आहे पण गुडघा कुरकुरत असताना एकदम बारा नकोत असं मला वाटतं. मी पंधरा वर्षं योग शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते आळशी म्हणणं डोक्यातून काढा. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात म्हणजे भागात, ३०व्या सूत्रात, नऊ अंतराय म्हणजे अडथळे सांगितलेत, त्यात आलस्य आहे पण शेवटचा अडथळा वेगळा आहे, अनवस्थितत्व, म्हणजे जमलेलं टिकत नाही, मिळालेल्या जागेवर राहता येत नाही. तुमची अडचण ही आहे. आळशी माणूस तीन वेळा क्लास लावत नाही हो. आणि लगेच पुढं ३२व्या सूत्रात उपायही आहे, एकतत्त्वाभ्यास, म्हणजे एकाच तत्त्वाचा अभ्यास. मोठे भाष्यकार त्याचा अर्थ ध्यानाच्या अंगानं लावतात, ते बरोबरच आहे, पण मी विद्यार्थ्यांना घरासाठी हेच सांगते की एकच धरा. क्लासमध्ये वीस आसनं होतात कारण समोर कोणीतरी पुढचं सांगत असतं, घरी एकटं असलं की मॅट उघडतानाच डोक्यात सुरू होतं की आता कुठलं करू, आणि तिथंच दहा मिनिटं जातात.

तर तुम्ही महिनाभर फक्त ताडासन करा. पाय जुळवून उभं राहायचं, टाच आणि चवडा यांवर वजन सारखं, गुडघ्याच्या वाट्या हलक्या वर ओढलेल्या, मग श्वास घेत हात वर, सोडत खाली. पाच-सहा मिनिटं पुरे. मॅटपण नको. काल राहिलं म्हणून आज डबल असं अजिबात करू नका, दुखापती तिथंच होतात. वज्रासन सध्या नको, आणि गुडघा एकदा डॉक्टरांना दाखवा, ते टाळू नका.

अजिंक्यतारा_पायवाट:
माझं मत जरा वेगळं, मला वेळ ठरवून कधीच जमलं नाही, अलार्म बंद करून झोपायचो. मग दूध तापायला ठेवलं की ओट्याशीच उभं राहून सुरू केलं, आता दूध ठेवलं की पाय आपोआप जुळतात. वेळेपेक्षा कामाला बांधा असं मी म्हणेन.

शाहूपुरीची (मूळ प्रश्न):
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज २३वा दिवस. दुधाची आयडिया लागू पडली. आणि एक गोष्ट सांगायचीच आहे, माझं सगळं वजन कायम डाव्या टाचेवर असतं हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं, उजवा पाय नुसता टेकलेला. डॉक्टरांना तेही सांगितलं, त्यांनी मांडीचे व्यायाम दिलेत. परवा भाचीच्या लग्नाला कराडला होते, कार्यालयाच्या खोलीत बायका उठायच्या आत गाद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभी राहिले, चुकवावंसं वाटलंच नाही. आता दुसरं आसन घेऊ का?

माहुली_संगम:
महिना पूर्ण होऊ द्या. मग सेतुबंधासन घ्या, म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, कंबरेला बरं पडेल, पण ताडासन सोडून नाही, त्याच्या नंतर. आणि उजव्या पायावर वजन जबरदस्तीनं ढकलू नका, नुसतं लक्ष ठेवा.

औंधकर_काका:
गुडघा बरा झाला की एक नमस्कार घाला ताई. एकच.