मदत हवी आहे: वृद्धाश्रमातल्या आजींचं युरीन कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) तिसऱ्यांदा पॉझिटिव्ह, आता कोणतं अँटिबायोटिक?

उमरेडरोड_केअर: आजी ८१ वर्षांच्या, वजन ४२ किलो. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ई. कोलाय जंतू, एका मिलीत एक लाखाच्या वर. सिप्रो झालं, सेफिक्झिम झालं, दोन्ही अँटिबायोटिकच. लघवी गढूळच, वासही येऊन राहिला. आताच्या रिपोर्टात नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन आणि दोन इंजेक्शनं एवढंच सेन्सिटिव्ह आहे, म्हणजे जंतू एवढ्यांनाच दाद देतात. डॉक्टर शनिवारी येतात. त्यांना यातलं कोणतं सुचवू? लवकर सांगा, नातेवाईक रोज फोन करून राहिले.

सिस्टर_धंतोली: ताई, ताप किती? थंडी वाजते का? ओटीपोट दुखतं का? कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आहे का? किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन किती? हे कळल्याशिवाय औषधाचं नाव कोणीच घेऊ नये. गढूळपणा आणि वास ही इन्फेक्शनची लक्षणं नाहीत.

संत्रानगरी: सायट्रेटचं सिरप दिवसातून तीनदा आणि क्रॅनबेरीच्या गोळ्या. जळजळ लगेच थांबते. सोबत धणे-जिऱ्याचं पाणी. नागपूरच्या मे महिन्यात निम्म्या म्हाताऱ्यांना उन्हाळी लागलेली असते, त्याला इन्फेक्शन म्हणत बसतात.

उमरेडरोड_केअर: ताप नाही, ९८.४. थंडी नाही, दुखत नाही, जळजळही नाही. क्रिएटिनिन १.१, नॉर्मल. कॅथेटर आहेच ना, खुब्याच्या ऑपरेशनपासून. दोन दिवसांपासून मात्र बरळून राहिल्या, रात्री जागतात, दिवसा झोपतात.

कल्चरप्लेट: सॅम्पल कुठून घेतलं? आणि आताचा कॅथेटर किती दिवसांचा?

उमरेडरोड_केअर: बॅगच्या नळातून. पाच आठवडे झाले असतील.

कल्चरप्लेट: मग तो रिपोर्ट आजींचा नाही, बॅगचा आणि नळीचा आहे. कॅथेटरच्या आत जंतूंचा चिकट थर बसतो. रोज ३ ते ८ टक्के जणांच्या लघवीत नव्याने जंतू येतात, महिनाभरात जवळपास सगळ्यांच्याच. कल्चर करायचंच असेल तर जुना कॅथेटर काढा, नवा घाला. नवी लघवी येऊ लागली की सॅम्पल पोर्टच्या (नळीवरच्या नमुना घ्यायच्या जागेच्या) खाली नळी दहा-पंधरा मिनिटं क्लॅम्प करा, पोर्ट स्पिरिटने पुसून वाळू द्या, सिरिंजने ५ ते १० मिली ओढा आणि क्लॅम्प आठवणीने सोडा. तासाभरात लॅबमध्ये, नाहीतर फ्रीजमध्ये, जास्तीत जास्त २४ तास. फ्रीझरमध्ये नाही. दुपारी ४५ अंशांत स्कूटरच्या डिकीत डबी अर्धा तास राहिली तरी जंतू वाढतात, म्हणून बर्फाच्या पाकिटासोबत पाठवा.

फार्मा_रामदासपेठ: क्रिएटिनिन १.१ ला नॉर्मल म्हणू नका. ८१ वर्षं, ४२ किलो, बाई: क्लिअरन्स, म्हणजे किडनीचा रक्त गाळण्याचा वेग, मिनिटाला साधारण २७ मिली येतो. ३० च्या खाली नायट्रोफ्युरँटॉइन टाळतात. औषध लघवीत पुरेसं उतरत नाही आणि अंगात साचतं. संत्रानगरी भाऊ, सायट्रेटने लघवी अल्कधर्मी होते, त्यात कॅथेटरवर खडे लवकर जमतात. शिवाय जळजळ नाही असं ताई सांगून राहिल्या, मग सिरप कशाला?

संत्रानगरी: क्रॅनबेरीने तरी काय बिघडतं?

फार्मा_रामदासपेठ: बिघडत नाही. पण कॅथेटर असलेल्यांना फायदा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. कॅथेटर नसेल आणि वारंवार त्रास होत असेल तर वयस्क बायकांना योनीमार्गात इस्ट्रिऑल क्रीम उपयोगी पडतं: दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

डॉक्_मेडिकलचौक: बरळणं सोडू नका. वृद्धाश्रमात अँटिबायोटिक कधी सुरू करावं याच्या २००१ च्या लोएब निकषांत कॅथेटर असलेल्या माणसाला १००.२ च्या वर ताप, हुडहुडी, कुशीमागे दुखणं किंवा नव्याने आलेला भ्रम, यातलं एक असलं तरी अँटिबायोटिक सुरू करायला पुरेसं मानलंय. मी सुरू करेन.

सिस्टर_धंतोली: डॉक्टर, आयडीएसए या अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात ताप नाही, लघवीच्या जागेची तक्रार नाही, नुसता भ्रम आहे, तर आधी दुसरी कारणं शोधा आणि लक्ष ठेवा असं आहे. दोन कोर्स होऊनही जंतू तिथेच आहेत. तिसऱ्याने रेझिस्टन्स (जंतूंनी औषधाला न जुमानणं) आणि जुलाब, दोन्ही वाढतील. ताई, शुगर, सोडियम, पाणी, संडास आणि नव्या गोळ्या, हे आज पाहा.

डॉक्_मेडिकलचौक: चालेल, पण दर चार तासांनी ताप, नाडी, बीपी लिहा. वरचं बीपी ९० च्या खाली, श्वास जोरात, किंवा सहा तासांत लघवी नाही, तर शनिवारची वाट न पाहता मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यात न्या.

उमरेडरोड_केअर: शुगर १४२. सोडियम पाठवलं. चार दिवस संडास नाही. बॅग जांभळट दिसते, ते औषधाने असेल.

कल्चरप्लेट: औषधाने नाही. बद्धकोष्ठात आतड्यातले जंतू ट्रिप्टोफॅन मोडतात, त्यातून तयार झालेला पदार्थ लघवीत उतरतो, तिथले जंतू त्याचा निळा-लाल रंग करतात आणि प्लास्टिक तो धरून ठेवतं. घाबरू नका. पोट साफ करा, कॅथेटर-बॅग दोन्ही बदला.

सिस्टर_धंतोली: कॅथेटर अजून हवाय कशाला? ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. अंथरुणात लघवी होते, हे कॅथेटरचं कारण नव्हे. पण आधी पोट साफ होऊ द्या, घट्ट मळ साचला की लघवी अडते. मग डॉक्टरांना विचारून सकाळी ६ ला काढा, दर दोन तासांनी पॉटवर बसवा, लघवी झाल्यावर किती उरते ते सोनोग्राफीत पाहा. ठेवावाच लागला तर मांडीला चिकटवा, बॅग मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता, दोन-तृतीयांश भरली की रिकामी. बीटाडीनने धुणं नको, बदलताना नेमाने अँटिबायोटिकही नको.

संत्रानगरी: सिलिकॉनचा घ्या, तीन महिने बदलावा लागत नाही.

फार्मा_रामदासपेठ: पूर्ण सिलिकॉनचा असेल तर १२ आठवड्यांपर्यंत, तेही आधी तुंबला नाही तर. लॅटेक्सवर सिलिकॉनचा थर असलेला चार आठवड्यांत बदला. ताई, नवी गोळी कोणती?

उमरेडरोड_केअर: झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ. आठ दिवस झाले.

फार्मा_रामदासपेठ: ही गोळी भ्रम, बद्धकोष्ठ आणि लघवी अडणं, तिन्ही करू शकते. शनिवारपर्यंत थांबू नका. आत्ताच डॉक्टरांना फोन करून हे सांगा, आजची रात्रीची गोळी द्यायची का तेही विचारा.

उमरेडरोड_केअर: लावते फोन. एनिमा आज द्यावा की उद्या?

सिस्टर_धंतोली: आजच, पण फॉस्फेटचा नको. किडनी अशी असताना त्याने क्षार बिघडतात. डॉक्टरांना ग्लिसरीनचा चालेल का ते त्याच फोनवर विचारा.