पोलंडमध्ये ईस्टरची टोपली: मांस न खाणाऱ्याने काय न्यावं?

सांगलीकर
क्राकुवला येऊन सात महिने झाले. समोरच्या दारातल्या आजी काल आल्या आणि खुणांनी, थोड्या इंग्रजीने सांगून गेल्या की ४ एप्रिलला शनिवारी टोपली घेऊन त्यांच्याबरोबर चर्चला चलायचं, आणि रविवारी सकाळी त्यांच्याकडेच खायला यायचं. वेताची रिकामी टोपलीही ठेवून गेल्या. मी अंडं खाते, मांस नाही. ख्रिश्चनही नाही. टोपलीत काय ठेवू? सॉसेज नसलं तर त्यांना वाईट वाटेल का? रविवारी गोड काय नेऊ? गुलाबजामचं पाकीट आहे घरात. इथे आल्यापासून मला घरी बोलावणारं हे पहिलंच माणूस, म्हणून काही चुकायला नको.

माळावरची
टोपली आणून दिली म्हणजे त्यांनी तुला घरातली धरलंय. नक्की जा. मी बारा वर्षं इथे आहे, माहेर साताऱ्याचं, सासर तार्नुवजवळच्या खेड्यातलं. पहिल्या वर्षी मलाही हाच घोर होता.

या टोपलीला श्वेन्त्सोन्का म्हणतात. आत पांढरा धुतलेला रुमाल अंथरायचा. उकडलेली अंडी, पावाचा तुकडा, मीठ आणि ह्शान एवढं असलं तरी टोपली भरली. ह्शान म्हणजे एक तिखट मूळ, किसताना नाकात जातं. शेवग्याचं मूळ हुंगलं असशील तर वास ओळखीचा वाटेल. सॉसेज घालूच नकोस, आजी त्यांच्या टोपलीत घालतील. त्याऐवजी लोण्याचं कोकरू घे, छोटा लाल झेंडा खोचलेलं. स्तारी क्लेपाशच्या बाजारात मिळतं, तिथेच बुक्श्पान या सदाहरित झुडपाच्या हिरव्या काड्या घे टोपलीच्या कडेला लावायला.

अंडी मात्र विकतच्या रंगात बुडवू नकोस. आठ-दहा कांद्यांची सुकी सालं आजपासून जमव. पाण्यात चांगली उकळ, पाणी गार झालं की चमचाभर व्हिनेगर घालून त्यातच अंडी उकड. विटकरी, तांबूस रंग चढतो. वर तेलाचं बोट फिरव. सासूबाई कोथिंबिरीसारखं पान अंड्यावर ठेवून जुन्या पायमोज्यात घट्ट बांधतात आणि मग उकडतात, पानाचा फिकट ठसा उमटतो. एकाच रंगाची ती क्राशान्की, मेणाने नक्षी काढून रंगवलेली ती पिसान्की.

चर्चमध्ये टोपल्या मांडतात आणि पाद्री त्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडत फिरतात. तुला कोणी धर्म विचारणार नाही. फक्त त्यातलं काही रविवारच्या सकाळपर्यंत खायचं नाही. आणि गुड फ्रायडेला आजींना जेवायला बोलावू नकोस, त्या दिवशी त्यांचा कडक उपास असेल.

आता रविवार. घरातलं मोठं माणूस आशीर्वादाच्या अंड्याच्या फोडी करतं, ताटली फिरते, प्रत्येकाने एक फोड घ्यायची आणि मग एकेकासमोर जाऊन त्याच्यासाठी काहीतरी मागायचं. तिळगूळ देताना आपण सगळ्यांना एकच वाक्य म्हणतो, इथे ज्याचं त्याला वेगळं. माझ्या पहिल्या ईस्टरला सासूबाई मला म्हणाल्या, "या वर्षी तुझी आईशी भेट होवो." तोवर आम्हा दोघींत चार वाक्यंही धड झाली नव्हती. आजींसाठी काय मागायचंय ते आधीच ठरव आणि पोलिशमध्ये पाठ कर, अडखळलीस तरी चालेल.

झुरेक नावाचं आंबवलेल्या राईच्या पिठाचं सूप असतं, त्यात बहुतेक सॉसेज असतंच, तेव्हा आधी सांगून ठेव.

गोडात बाबका आणि माझुरेक. बाबका म्हणजे यीस्टचा केक, उंच, पिवळाधमक. जुन्या काळी तो बसू नये म्हणून स्वयंपाकघराची दारं लावून घ्यायचे, मोठ्याने बोलायचे नाहीत. माझुरेक चपटा, खुसखुशीत, वर आटीव दुधाचा काय्माक आणि बदामांची नक्षी. मला विचारशील तर ईस्टरचं खरं गोड हेच. गुलाबजाम नेऊ नकोस, इतका पाक यांना सोसत नाही. श्रीखंड ने! इथे पास्खा म्हणून प्रकार करतात: ताजं चीज, लोणी, पिवळा बलक, साखर, मनुका एकत्र करून फडक्यात दाबून ठेवतात. चव आजींना ओळखीची वाटेल. पण इथल्या त्फारुगचं, म्हणजे त्याच ताज्या चीजचं, श्रीखंड करू नकोस, रवाळ होतं. साधं दही रात्रभर टांग. केशर चालेल, बाबकात तेही घालतात.

शनिवारी बहुतेक दुकानं दोनला बंद होतात, रविवार-सोमवार उघडत नाहीत. आणि सोमवारी श्मिगुस-दिन्गुस, आपल्या रंगपंचमीसारखं, फक्त साधं पाणी. फोन पिशवीत ठेव.

गंगावेस
आजींना वळिवडे हे नाव सांगून बघा. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं. म्हणजे या टोपल्या एकेकाळी आमच्या पंचगंगेकाठीही भरल्या असणार. ती जागा आज गांधीनगर, आणि महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. मी दरवेळी थांबून बघतो.

सांगलीकर
दोघांचेही खूप आभार. कांद्याची सालं आजपासून डब्यात. वळिवड्याचं तर मला सांगलीत राहून माहीत नव्हतं. ताई, अंडी किती रंगवू?

माळावरची
आम्ही माणशी एक आणि वर एक धरतो, ऐनवेळी दारात कोणी आलंच तर.