जंप स्केअर सोडून टॉप पाच हॉरर-थ्रिलर सांगा, माझी यादी तीनवर अडकलीये

लास्ट_कर्जत
मंडळी मदत हवीये. आमचा ऑफिसचा ग्रुप दर शनिवारी कोणाच्या तरी घरी जमून पिक्चर बघतो, या महिन्यात भांडुपला माझ्याकडे आहे आणि विषय ठरलाय डार्क हॉरर नाहीतर थ्रिलर. अट एकच, कानाशी धाडकन आवाज करून दचकवणारे नकोत. दचकलेलं दोन मिनिटांत विसरतो माणूस. रात्री पाणी प्यायला उठल्यावर आधी लाइट लावावीशी वाटली तर तो पिक्चर खरा.

माझा एक नंबर तुंबाड, यात वादच नाही. २०१८ ला मोबाइलवर बघितलेला, मग सप्टेंबर २०२४ ला परत थेटरात लागला तेव्हा ठाण्याला लेट शो टाकला आणि कळलं की आपण आधी काही बघितलंच नव्हतं. तो पाऊस, तो ओला वाडा, ते सगळं मोठ्या पडद्यावरच कळतं. पण हस्तर नावाच्या त्यातल्या राक्षसापेक्षा माझ्या डोक्यात बसलीये ती कणकेची बाहुली. खाली उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, आत बसायचं आणि मग ती बाहुली बाहेर काढायची. आपल्या घरी रोज पोळ्यांना मळतात तेच पीठ हो! दुसऱ्या दिवशी आई परातीत कणीक तिंबत होती तर मी तिथून उठून बाहेर गेलो.

दोन नंबर भूत (२००३). वाडा नाही, जंगल नाही, गाणी नाहीत, मुंबईतला टॉवरमधला फ्लॅट आणि वॉचमन, बस. आम्ही तेव्हा नुकतेच चाळीतून सातव्या मजल्यावर राहायला आलेलो, दार बंद केलं की शेजारच्यांचा आवाजच नाही, त्याचीच आधी सवय नव्हती आणि त्यात हा पिक्चर. तीन नंबर कौन (१९९९). चौथा आणि पाचवा सुचवा, आणि कौन हॉररच्या यादीत धरावा का तेही सांगा. शेवट कोणी फोडू नका प्लीज, अर्ध्या ग्रुपने बघितला नाहीये.

माहेर_कराड
लपाछपी कसा काय नाही यादीत?? माझ्या मते तो तुंबाडच्याही वर जातो आणि मी हे मनापासून बोलतेय. विशाल फुरियाचा, २०१७ ला आला, पूजा सावंत आणि उषा नाईक. कर्जवाल्यांपासून लपायला नवरा गरोदर बायकोला घेऊन उसातल्या एका घरात येतो, इथून पुढे काही सांगत नाही.

तुम्ही मुंबईकरांनी ऊस फक्त रसवंतीवर बघितलाय म्हणून सांगते. ऊस डोक्याच्या वर गेला ना की आत दहा पावलं गेल्यावर बांध कुठल्या बाजूला राहिला तेच कळत नाही, पाती हाताला कापतात, आणि वारा पडलेला असला तरी आत कुठेतरी सळसळतच असतं. लहानपणी आम्हाला दिवेलागणीनंतर तिकडे जाऊच द्यायचे नाहीत. त्या पिक्चरमध्ये हे सगळं बरोबर पकडलंय. उषा नाईक यांची तुळसाबाई किती मायेने जेवू घालते, कपाळावरून हात फिरवते, आणि तरी पोटात गोळा येतो. आणि ती भीती कशातून आलीये ते कळलं की आणखी वाईट वाटतं, कारण ते आपल्याकडच्या घराघरांत झालेलं आहे. छोरी (२०२१) त्याचाच हिंदी रिमेक, दिग्दर्शकही तोच, पण आधी मराठीच लावा. फक्त ग्रुपमध्ये कोणी गरोदर असेल तर त्या शनिवारी नको. माझ्या वहिनीला मी न सांगता दाखवला, तिला रात्रभर झोप नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

गिरगाव_जुना
लास्ट_कर्जत, तुमच्या यादीत १९९९ च्या आधीचं काहीच नाही म्हणून लिहितो. हा खेळ सावल्यांचा, १९७६, वसंत जोगळेकर. गोमू संगतीनं आणि काजळ रातीनं ही गाणी लग्नाच्या हळदीपासून गणपतीच्या कार्यक्रमापर्यंत सगळीकडे वाजतात, पण ती ज्या सिनेमातली आहेत तो भीतीचा सिनेमा आहे हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. आशा काळे यांचा चेहरा बघा, नरसूचं भूत खरंच आहे का मनातलं आहे हा संशय त्या एकट्या डोळ्यांवर पेलतात. आज बघाल तर गती संथ वाटेल, पहिला अर्धा तास धीर धरा.

आणि मुंबईचीच भीती हवी तर श्रीराम राघवनने १९९१ मध्ये केलेला रमन राघव शोधा, रघुवीर यादव आहेत. तो खराखुरा सीरियल किलर होता, १९६८ मध्ये पकडला जाईपर्यंत आमच्या वडिलांच्या चाळीतली माणसं उन्हाळ्यातसुद्धा गॅलरीत झोपायची बंद झाली होती, आत दहा बाय बारात नऊ जणं, दाराला आडणा लावून. वडील हे सांगताना आवाज खाली आणायचे.

शिफ्ट_संपली
कौन हॉररमध्येच धरा. भूत नाही म्हणून काय झालं, बाहेर पाऊस, घरात एकटी बाई, टीव्हीवर खुन्याची बातमी आणि दारात मनोज वाजपेयी मल्होत्रांचं घर विचारत बेलवर बेल मारतोय, जायलाच तयार नाही, ह्याच्याहून वेगळी भीती कुठली असते सांगा. अनुराग कश्यपने लिहिलाय तो.

माझा पाचवा कोरियन, मेमरीज ऑफ मर्डर (२००३). खऱ्या खुनांवर आहे आणि पिक्चर बनला तेव्हा खुनी सापडलाच नव्हता, पोलिस हरतात आणि आपणपण त्यांच्याबरोबर हरतो. शेवटच्या शॉटमध्ये नट सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्यात, बघतो. मग २०१९ ला डीएनएवरून कळलं की तो माणूस दुसऱ्याच एका खुनासाठी आधीपासून तुरुंगात होता. हे वाचलं त्या रात्री मी परत लावून फक्त तो शॉट बघितला. सबटायटल वाचायचा कंटाळा असलेला कोणी असेल तर त्याला पुढे बसवा.

जरा हलकं हवं असेल तर वाळवी (२०२३), परेश मोकाशी. बायकोचा खून आत्महत्या वाटावा असा प्लॅन आणि मग सगळं हाताबाहेर. हसू येतं, पण मधेच घसा कोरडा पडतो. त्यातली बायको म्हणजे अनिता दाते, तुंबाडमध्ये विनायकची बायको तीच, बघितलं नसेल तर दोन्ही लागोपाठ बघा.

लास्ट_कर्जत
अनिता दाते खरंच लक्षात नव्हतं आलं, थँक्यू!

ठरलं मग. चौथा लपाछपी, पाचवा मेमरीज ऑफ मर्डर. माहेर_कराड, तुंबाडच्या वर नाही नेणार, पण भूतच्या वर गेला तर मी भांडणार नाही, बघून सांगतो. गरोदर असलेली एक जण आहे ग्रुपमध्ये, तिला आधीच फोन करतो, त्या शनिवारी तिच्यासाठी वेगळं काहीतरी ठरवू. गिरगाव_जुना, हा खेळ सावल्यांचा मी आई-बाबांबरोबर रविवारी दुपारी बघणार, आई आत्ताच गुणगुणायला लागलीये. रमन राघवबद्दल बाबांना विचारलं तर म्हणाले, आजीने तेव्हा खिडकीलासुद्धा आतून दोरी बांधली होती, मला हे आज पहिल्यांदा कळतंय.