मदत हवी आहे: गाय तिसऱ्यांदा उलटली, कोणतं इंजेक्शन द्यावं? (आज रात्रीच सांगा)

माणदेशी_गोठा (21 ऑक्टोबर, रात्री 8:40)
एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय, दुसरं वेत. तीनदा रेतन करून भरवली, तिन्ही वेळा उलटली, गाभण राहिलीच नाही. आज परत माजावर आलीय, उद्या सकाळी रेतनवाला येणार. प्रत्येक वेळी रेताच्या कांडीचे आणि येण्याजाण्याचे पैसे जातात, वर खाद्य चालूच. माज पक्का करायचं एक इंजेक्शन असतं म्हणतात, त्याचं नाव सांगा. उद्या रेतनाआधी देतो. गाय इथेच विकावी असं घरात चाललंय.

शिवार_७७ (8:52)
इंजेक्शनाच्या नादी लागू नका. मुळा, कोरफड, शेवग्याचा पाला, हाडजोडी आणि हळद घालून कढीपत्ता, या क्रमाने, गुळामिठासोबत. माजाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून सुरू करायचं, मुळा पाच दिवस, बाकी प्रत्येक चार दिवस. आमच्या दोन गाई यावरच गाभण ठरल्या.

डॉक्टरकाका (9:05)
निवृत्त पशुवैद्यक आहे. नाव सांगण्याआधी मला उत्तरं हवीत. व्यायली कधी? जार (वार) आपोआप पडला की ओढून काढला? सोट, म्हणजे माजात योनीतून येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ असतो की त्यात पांढऱ्या कवड्या असतात? खनिज मिश्रण चालू आहे का?

माणदेशी_गोठा (9:11)
अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी व्यायली. जार तीन-चार तासांत आपोआप पडला. खनिज मिश्रण रोज देतो. सोट मी बघितला नाही, दिवसभर कंपनीत असतो. पण माज पक्का आहे. इंजेक्शनाचं सांगा ना.

मुक्तगोठा_बारामती (9:20)
गाय बांधलेली असणार. मुक्त संचार गोठा करा, निम्मे प्रश्न तिथेच संपतात. एकमेकींवर चढतात, माज लांबून दिसतो.

वायकाटो_मराठी (9:26)
न्यूझीलंडमध्ये डेअरीवर काम करतो. इथे शेपटीच्या मुळावर रंगाचा पट्टा ओढतात. दुसरी गाय चढली की रंग घासला जातो, सकाळी नुसता पट्टा बघायचा.

गोदाकाठची_ताई (9:31)
बांधलेल्या गोठ्यात चढणार कोण, भाऊ? आणि एका गाईसाठी कोणी आज रात्री मुक्त गोठा बांधणार आहे का?
माणदेशी दादा, एकच विचारते. तुम्ही सोट बघितला नाही म्हणता, मग माज पक्का कशावरून? नेमकं काय दिसलं?

माणदेशी_गोठा (9:34)
रक्त. संध्याकाळी घरी आलो तर शेपटीला आणि मांडीला रक्ताचा ओघळ होता. दर वेळी तेच दिसतं आणि लगेच फोन करतो. तारखा लिहून ठेवल्यात: 19 ऑगस्ट, 9 सप्टेंबर, 30 सप्टेंबर, आज 21 ऑक्टोबर. चक्र घड्याळासारखं 21 दिवसांचं आहे, म्हणून तर कळत नाही अडतंय कुठे.

गोदाकाठची_ताई (9:36)
दादा, उद्याचं रेतन रद्द करा. आत्ता फोन करा.

शिवार_७७ (9:38)
रक्त पडलं म्हणजे गाय उलटलीच समजायची. आमच्याकडे जुने लोक हेच सांगतात.

डॉक्टरकाका (9:55)
तसं नाही. रक्तावरून ठरली की उलटली हे कळतच नाही. माजात गर्भाशयाच्या अस्तरात रक्त भरलेलं असतं. माज उतरला की इस्ट्रोजेन खाली येतं, बारीक केशवाहिन्या फुटतात आणि एक ते तीन दिवसांत रक्त बाहेर दिसतं. ठरलेल्या गाईलाही दिसतं, न ठरलेल्या गाईलाही.

यातून एकच गोष्ट पक्की कळते, माज होऊन गेला. गाईचा माज साधारण 12 ते 18 तास टिकतो. तो संपल्यावर 10 ते 12 तासांनी बीज सुटतं, आणि त्याचं आयुष्य जेमतेम काही तासांचं. शुक्राणूंनाही आत गेल्यावर तयार व्हायला काही तास लागतात, म्हणजे ते बीजाच्या आधी पोचायला हवेत. तुम्ही रक्त बघून, तेही दुसऱ्या दिवशी भरवता. हे वरातीमागून घोडं झालं. घड्याळासारखं 21 दिवसांचं चक्र म्हणजे बीजांडकोश काम करतोय. गाईला बहुतेक आजारच नाही.

इंजेक्शनाबद्दल: तुम्ही ऐकलंय ते बहुधा प्रोस्टाग्लँडिन. ते बीज सुटल्यावर बीजांडकोशावर तयार होणारा पीतपिंड विरघळवतं, आणि माजानंतरचे पहिले पाच दिवस तो पिंड कोवळा असतो, औषधाला दाद देत नाही. उद्या दिलंत तर वाया. उलट न तपासता गाभण गाईला दिलंत तर गर्भपात. गरोदर बाई किंवा दमेकरी माणसाने त्या बाटलीला हातही लावू नये, कातडीतून शिरतं. म्हणून नाव विचारून दुकानातून आणायचं हे औषध नाही.

मेंढका_फलटण (10:02)
मी म्हणतो गाईत अडकायचंच कशाला? माण म्हणजे मेंढीचा मुलूख. मेंढीचं चक्र 17 दिवसांचं, पाच महिन्यांत वेत, आणि नर कळपातच असल्याने माज ओळखायचं काम तोच करतो. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनच्या गारोळे मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं, ती नारी सुवर्णा. एका वेताला दोन कोकरं म्हणजे काय ते हिशेब करून बघा.

मुक्तगोठा_बारामती (10:06)
आणि जुळ्यांना दूध कोण पुरवणार? चाऱ्याच्या टंचाईत एकच कोकरू नीट वाढतं.

मेंढका_फलटण (10:09)
गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात खुराक वाढवा, दोन्ही वाढतात. मी वाढवलीत.

गोदाकाठची_ताई (10:14)
मेंढ्यांचा वेगळा धागा काढा, मीही वाचेन. दादा, पहाटे धार कोण काढतं?

माणदेशी_गोठा (10:31)
आई काढते. आत्ता उठवून विचारलं. परवा, 19 ला पहाटे गाय सारखी हंबरत होती, पान्हा चोरला, लिटरभर दूध कमी आलं. खाली बसली तेव्हा निरणातून (योनीतून) काचेसारखी तार लोंबत होती, जमिनीपर्यंत, तुटतच नव्हती. आई म्हणाली, मला वाटलं वासरासाठी ओरडते, तुला कशाला सांगायचं. आम्ही दोघं एका घरात राहून तीन कांड्या फुकट घालवल्या.
रेतनवाल्याला नको म्हणून सांगितलं. आता पुढे?

डॉक्टरकाका (10:40)
आईंनी सांगितलं तो माज, आणि सोटही स्वच्छ. 19 अधिक 21 म्हणजे 9 नोव्हेंबर. 6 तारखेपासून पहाटे, दुपारी आणि रात्री झोपताना पंधरा-पंधरा मिनिटं गाईपाशी थांबा. संकरित गाई बऱ्याचदा रात्रीच माज दाखवतात. सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. कांडी 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवतात ना, तेवढं डोळ्यांनी बघा. एवढं करूनही उलटली तर मात्र गर्भाशय तपासून घ्या.

गोदाकाठची_ताई (10:44)
आणि फोन आईंच्या हातात द्या. रेतनवाल्याचा नंबर त्यांनाच लावता आला पाहिजे, तुमची कंपनीतली पाळी संपायची वाट कशाला बघायची. माझ्याकडे चार गाई आहेत, सगळे माज मी पहाटे धारेलाच पकडते. कासेला हात लावला की कळतं, ती नेहमीसारखी उभी राहत नाही.

माणदेशी_गोठा (12 नोव्हेंबर, सकाळी 6:15)
9 ला पहाटे पाचच्या आत आईने हाक मारली. तीच तार, तेच हंबरणं. फोन आईनेच लावला. संध्याकाळी पाचला रेतन झालं. काल रात्री शेपटीला रक्ताचा ठिपका दिसला, आईने तो फडक्याने पुसला आणि कॅलेंडरवर 30 तारखेला गोल केला. विकायचं सध्या थांबवलंय.

म्हसोबावाडी (12 नोव्हेंबर, सकाळी 7:02)
डॉक्टरकाका, माझी म्हैस माजच दाखवत नाही. काय देऊ?

गोदाकाठची_ताई (7:10)
व्यायली कधी, आणि धार कोण काढतं?