मामांच्या ट्रंकेतली एअरफिक्सची पाकिटं: जोडू की जपू?

अनघा_रत्नागिरी: मामा मर्चंट नेव्हीत होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची, घरी जोडायची १/७२ मापाची प्लास्टिकची विमानं सापडली: स्पिटफायर, नॅट ही लढाऊ विमानं, आणखी दोन-चार. प्लास्टिकच्या पिशवीत सुटे भाग, वर स्टेपल केलेला रंगीत कागद. एकही पिशवी फोडलेली नाही. ट्रंकेत डांबरगोळ्यांचा वास भरलाय. लेकाला नॅट आपल्या वायुदलाच्या रंगात जोडायचंय. देऊ का?

श्रीरंग_ठाणे: अनघाताई, बाकीचं नंतर. डांबरगोळ्या आत्ताच्या आत्ता बाहेर काढा! नॅफ्थलीनच्या वाफेनं पॉलिस्टायरीन मऊ पडतं, आणि हे सगळे भाग पॉलिस्टायरीनचेच आहेत. पाकिटं सावलीत, वाऱ्यावर ठेवा. भाग चिकटलेले दिसले तर ओढू नका.

दुसरं, स्टेपल गंजली असली तरी हात लावू नका. एअरफिक्सनं तेच साचे वर्षानुवर्षं वापरले, त्यामुळे आतलं प्लास्टिक पुढच्या आवृत्त्यांतही मिळतं. जुनेपण आहे ते त्या कागदात. १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचं मॉडेल ब्रिटनमधल्या वूलवर्थ्सच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकता यावं म्हणून खोक्याऐवजी पिशवीत घातलं, तिथून ही पाकिटं सुरू झाली. १९७३ पासून पिशवीऐवजी ब्लिस्टर पॅक, म्हणजे पुठ्ठ्यावर कडक पारदर्शक प्लास्टिकचं आवरण, आले. तेव्हा तुमची पाकिटं बहुधा त्याआधीची. इतकी वर्षं न फुटलेली पिशवी बघायला मिळणं हेच मला फार मोठं वाटतं.

कोकणातल्या पावसाळ्यात त्या कागदाला कसर लागेल. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, वर वजन नको.

विमानवेडा: एक अडचण आहे. एअरफिक्सचं ते जुनं नॅट दोन आसनांचं, प्रशिक्षणाचं टी-१ आहे, ब्रिटिश हवाई दलाचं कसरतींचं पथक रेड ॲरोज उडवायचं ते. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांशी भिडलेलं आपलं नॅट एका आसनाचं. नुसता रंग बदलून ते होणार नाही.

श्रीरंग_ठाणे: बरोबर. लेकाला त्याच नॅटची नंतरची आवृत्ती आणून द्या आणि रेड ॲरोजच्या लाल रंगात जोडू द्या. जुन्या आवृत्तीतले डेकल (पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चिन्हं) पिवळे निघाले तर खिडकीच्या काचेला आतून लावून उन्हं खाऊ द्या, पिवळेपणा उतरतो. पाण्यात सोडण्याआधी वरून क्लिअर लॅकरचा (पारदर्शक वॉर्निशचा) हात मारा, नाहीतर तुकडे होतात.

अनघा_रत्नागिरी: गोळ्या काढल्या. स्पिटफायरची पारदर्शक काच पंखाला चिकटलेली दिसतेय.

श्रीरंग_ठाणे: राहू द्या तशीच. पिशवीच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका, कागदावरचा लोगो नीट दिसेल असे. कोणत्या काळातलं आहे ते त्यावरून सांगता येईल.