घरात कपडे वाळवायचे तर एकाच खोलीत, दार लावून. पटतंय का?

चांदणवेल

परवा झोपायच्या खोलीतलं कपाट सरकवलं आणि मागची भिंत बघून पोटात गोळा आला. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळे ठिपके, कोपऱ्यात तर ते एकमेकांत मिसळून तळहाताएवढा डाग झालेला. कपाटाच्या पाठीवर पांढुरकी लव. खालच्या कप्प्यातला स्वेटर नाकाशी नेला तर कुबट वास. त्या खोलीत नळ नाही, पलीकडे बाथरूम नाही, भिंतीला बाहेरून तडाही दिसत नाही.

बाहेर दोरी बांधायला आम्हाला जागा नाही, त्यामुळे कपडे घरातच वाळतात. आम्ही ते घरभर पसरत होतो. चादर दारावर, टॉवेल खुर्च्यांच्या पाठीवर, बाकीचं रॅकवर. डाग दिसल्यावर मी वजनकाटा काढला. कोरडे कपडे ४.२ किलो, मशीनमधून काढले तेव्हा ६.५ किलो. म्हणजे दर धुण्याला २.३ लिटर पाणी आम्ही घराच्या हवेत सोडत होतो.

हे पाणी हवेत मावतं का, तेही पाहिलं. ३ बाय ४ मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली म्हणजे ३० घनमीटर हवा. २५ अंशाला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ राहते, खोलीभर मिळून ६९० ग्रॅम. आर्द्रता आधीच ६० टक्के असेल तर उरलेली जागा पावणेतीनशे ग्रॅमची. आणि कपड्यांत आहेत २३०० ग्रॅम. जे मावणार नाही ते घरातल्या सगळ्यात थंड जागी जाऊन बसणार. आमच्याकडे ती जागा कपाटामागची बाहेरची भिंत निघाली.

आता पद्धत बदलली आहे. एक्झॉस्ट फॅन असलेली एकच छोटी खोली, तिचं दार बंद, दाराखाली बोटभर फट, रॅक भिंतीपासून दोन वीत लांब, कपड्यांवर टेबल फॅन. एक्झॉस्ट आतली हवा बाहेर ओढतो, फटीतून घरातली हवा त्या खोलीत येते, त्यामुळे वाफ उलटी घरात फिरत नाही. तीन आठवडे झाले, झोपायच्या खोलीतला आर्द्रतेचा आकडा ५५ ते ६० टक्क्यांवर आहे. आधी तो ७५ च्या घरात असायचा. माझं म्हणणं एवढंच की कपडे घरभर पसरणं बंद करा. तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा.

कवडसा

अजिबात पटलं नाही. बारा वर्षं मी घरभर पसरूनच कपडे वाळवतो आणि एका भिंतीला ठिपका नाही. अडीच लिटर पाणी एका खोलीत कोंडायचं की चार खोल्यांत वाटायचं? चार खोल्यांत वाटलं की प्रत्येकीच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो, कपड्यांना मोकळी हवा मिळते, ते लवकर सुकतात आणि वासही लागत नाही. तुम्ही एका खोलीचा बळी देऊन बाकीचं घर वाचवताय. एक्झॉस्ट बंद पडला, वीज गेली, की त्या खोलीचं काय होईल?

तुमच्या घरात चूक पसरण्याची नव्हती, खिडक्या बंद ठेवण्याची होती. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, वारा आरपार जाऊ द्या. त्याहून साधा उपाय नाही.

चांदणवेल

कवडसा, खिडक्या उघड्या असतील तोवर तुमचं बरोबर आहे. पण कपडे वाळायला दहाबारा तास लागतात आणि त्यातली रात्र सगळी दारं-खिडक्या बंद करून जाते. झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ त्यात आणखी मिसळते. पहाटे काचेला घाम फुटलेला असतो ना, त्यात आदल्या दिवशीच्या चादरीतलंही पाणी असतं. चौथा हिस्सा म्हणता, पण वाफ खोल्यांत सारखी वाटून राहत नाही, ती थंड भिंतीकडे ओढली जाते.

पाणकळा

तुम्ही दोघंही 'खिडकी' हा शब्द एकाच अर्थाने वापरताय. बाहेर कशी हवा आहे यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आर्द्रतेच्या टक्क्यांची तुलना करू नका, हवेतल्या पाण्याच्या ग्रॅमची करा. बाहेर झिमझिम पाऊस, तापमान ८ अंश, आर्द्रता ९५ टक्के. आकडा बघून आपण खिडकी लावतो. पण ८ अंशाच्या हवेत मुळात पाणी मावतंच कमी, घनमीटरला जेमतेम ८ ग्रॅम. ती हवा आत येऊन २० अंशाला तापली की तिची आर्द्रता ४४ टक्क्यांच्या आसपास येते. ती कोरडी हवा झाली! अशा दिवशी पाऊस पडत असतानाही खिडकी उघडली तर कपडे वाळतात.

उलट बाहेर २६ अंश, ९५ टक्के, असा उबदार पाऊस घ्या. घनमीटरला २३ ग्रॅम. आत २८ अंश आणि ७० टक्के, म्हणजे १९ ग्रॅम. आता खिडकी उघडलीत तर बाहेरचं पाणी आत येतं. कवडसा यांचा आरपार वारा त्या दिवशी घर वाळवत नाही, भिजवतो. चांदणवेल यांचा एक्झॉस्टही तेवढाच लंगडा पडतो, कारण तो बाहेर टाकतो तेवढीच दमट हवा कुठल्यातरी फटीतून घरात येणार.

आणखी एक. हवेत ६५ टक्के वाचलं म्हणजे भिंतीलगतही ६५ असं नाही. खोली २४ अंश आणि भिंत २० अंश असेल तर तीच हवा भिंतीला टेकताना ८० च्या वर जाते. बुरशीला पाण्याचे थेंब लागत नाहीत, पृष्ठभागाशी ८० टक्के बरेच दिवस टिकले तरी तिला पुरतात. म्हणून आर्द्रता मापक कपाटावर ठेवू नका, कपाटाच्या मागे ठेवा.

मोरपीस

मग उबदार पावसाच्या दिवसांसाठी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली वाफ ओढून तिचं पाणी करणारं यंत्र, हाच रस्ता उरतो. आम्ही दोन वर्षं वापरतोय. छोटी खोली, दार-खिडकी घट्ट बंद, रॅकच्या खाली मशीनचं तोंड. रात्री लावला की सकाळी टाकीत दीड-दोन लिटर पाणी, आणि जीन्सच्या कमरेची पट्टीसुद्धा कोरडी. आमचा २५० वॅटचा आहे, सहा तास चालला तर दीड युनिट. पाण्याची वाफ होताना जी उष्णता लागते ती वाफेचं परत पाणी होताना खोलीतच मिळते, त्यामुळे खोलीही थोडी उबदार राहते.

थंड हवेच्या ठिकाणी मात्र घेताना विचारून घ्या. कॉम्प्रेसरवाला, म्हणजे हवा गार करून पाणी काढणारा, १५ अंशाच्या खाली मंदावतो, तिथे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा शोषकवाला बरा.

कवडसा

दीड युनिट रोज जाळायचे आणि ओल्या कपड्यांसाठी घरात आणखी एक यंत्र ठेवायचं? माझा साधा पंखा ५० वॅटचा आहे. पंख्यासमोर टॉवेल चार तासांत सुकतो, मी रोज बघतो. हवा हलती राहिली की पुरे.

मोरपीस

कवडसा, पंख्याने टॉवेल सुकतो यात वादच नाही. ओल्या कापडालगत दमट हवेचा एक पातळ थर चिकटून बसतो, पंखा तो उडवतो आणि वाफ झपाट्याने सुटते. पण टॉवेलमधलं पाणी गेलं कुठे? ते खोलीतच आहे. पंखा पाणी हलवतो, बाहेर काढत नाही. बंद खोलीत नुसता पंखा लावला तर भिंतीवरची ओल आणखी लवकर येते, एवढाच फरक.

ऊनसावली

मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे. आमच्या घरात दम्याचा रुग्ण आहे. डॉक्टरांनी घरात ओले कपडे वाळत घालूच नका असं स्पष्ट सांगितलं आणि आम्ही ते पाळतो. दमट घरात अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीचे कण वाढतात. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटणार नाही, पण ज्याची फुफ्फुसं किंवा प्रतिकारशक्ती कमजोर आहे त्याला ते भारी पडतात. धुळीतले सूक्ष्म कीटकही ओलाव्यावरच जगतात.

आणि तो कुबट वास फक्त नाकाला त्रास म्हणून सोडू नका. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की घरात वाळवलेल्या कपड्यांच्या त्या वासामागे प्रामुख्याने मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. कपडा सावकाश वाळला की त्याला वाढायला वेळ मिळतो. म्हणून मी ड्रायरच्या बाजूची. हवा बाहेर सोडणाऱ्या ड्रायरची नळी मात्र खिडकीबाहेरच गेली पाहिजे. ती खोलीतच मोकळी सोडलेली मी एका घरात पाहिली आहे, तासाभरात सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या.

एकखोली

वाईट वाटून घेऊ नका, पण 'एक खोली वेगळी ठेवा' हे वाचून मी धागा बंद करणार होतो. माझ्याकडे खोली एकच आहे. झोपणं, स्वयंपाक, अभ्यास, कपडे, सगळं तिथेच. ड्रायरला जागा नाही, आणि जे यंत्र घ्यायचं ते भाड्याची खोली बदलताना डोक्यावर घेऊन फिरावं लागणार.

मला उपयोग झाला तो पाणी हवेत जाण्याआधी काढण्याचा. आमच्या सामायिक मशीनवर स्पिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असायचं, मी १२०० वर नेतो. चांदणवेल यांच्यासारखंच मीही वजन केलं होतं. ४ किलो कपडे ८०० वर ६.८ किलो भरले, १२०० वर ६.१. सातशे ग्रॅम पाणी पाच मिनिटांत मोरीत गेलं, हवेत आलंच नाही. जाड कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर गुडघा टेकवून दाबतो, टॉवेल ओला जड होतो. मग रात्रभर बाथरूममध्ये, एक्झॉस्ट लावून. आठवड्याचं धुणं एकदम न काढता दोन दिवसाआड अर्धंच काढतो. दोन कपड्यांत चार बोटं अंतर. हूडवाला शर्ट उलटा टांगतो, म्हणजे टोपी पाठीला चिकटून ओली राहत नाही.

ऊनसावली, दम्याच्या घरात तुम्ही म्हणता तेच योग्य. पण 'घालूच नका' हे ज्याच्याकडे बाहेर जागा आहे त्यालाच सांगता येतं.

ऊनसावली

मान्य. जागेचं तुमचं म्हणणं माझ्या लक्षात आलं नव्हतं. फक्त बाथरूममधून कपडे उचलताना शिवणी आणि खिशांचं अस्तर बोटांनी चाचपून बघा. बाहेरून कोरडा वाटणारा कपडा घडी करून कपाटात गेला की वास तिथेच धरतो.

पाणकळा

चांदणवेल, एक शंका राहिली आहे. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतचा डाग जमिनीतून चढणाऱ्या ओलीचाही असतो. ती असेल तर कपडे कुठेही वाळवा, फरक पडणार नाही. त्या जागी भिंत कोरडी पुसून अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा. दोन दिवसांनी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर ओल हवेतली, भिंतीकडच्या बाजूला दिसलं तर भिंतीतली. रंगाला पोपडे आणि पांढरा खार दिसतोय का, तेही बघा. तो लोणा कपड्यांच्या वाफेने येत नाही.

चांदणवेल

फॉइल लावलं होतं. मुद्दाम दोन दिवस जुन्या पद्धतीने कपडे घरभर वाळत घातले आणि कपाट परत जागेवर सरकवलं. खोलीकडची बाजू ओली, बोट फिरवलं तर रेघ उमटली. भिंतीकडची बाजू कोरडी. लोणा नाही. पाणकळा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी अंदाजावरच बोलत राहिले असते. उबदार पावसाच्या दिवशी एक्झॉस्ट लंगडा पडतो हेही खरं आहे. गेल्या आठवड्यात असे दोन दिवस आले आणि त्या खोलीत मोजे दुसऱ्या संध्याकाळीही ओलेच होते. त्या दिवसांसाठी मोरपीस यांचा उपाय करावा लागेल. घरभर पसरायचं मात्र नाही, त्यावर मी ठाम आहे.

कवडसा

मी मापक आणला. दिवसा, खिडक्या उघड्या, चारही खोल्यांत कपडे: ५८ ते ६२. हे मी म्हणत होतो तसंच. पहाटे पाचला उठून पाहिलं, खिडक्या बंद, बैठकीत ६९. पलंगाच्या मागे, बाहेरच्या भिंतीशी: ८१.

भिंतीला ठिपका अजूनही नाही, आणि दिवसा पसरणं मी सोडणार नाही. पण संध्याकाळी खिडक्या लावायच्या आधी जे ओलं राहिलं असेल ते उचलून बाथरूममध्ये नेतो, कालपासून सुरू केलं आहे. आज पहाटे तिथेच, पलंगामागे, ७४ होते.