डोक्याला शॉट: लोलोच्या कुठल्या खोलीत अडकलात?

परवा लेकीला निन्टेंडो स्विच या गेमयंत्रावर 'ॲडव्हेंचर्स ऑफ लोलो' हा गेम लावून दिला. दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न आला, "बाबा, हा ठोकळा मागे ओढता येत नाही का?" नाही येत. आयुष्यातले कितीतरी रविवार मी याच एका उत्तरापायी घालवले आहेत, म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: एचएएल लॅबोरेटरीचा निन्टेंडोवरचा १९८९चा गेम. निळा गोलमटोल लोलो, राजा एगरने पळवलेली राजकन्या लाला, दहा मजले, मजल्याला पाच खोल्या. खोलीतली सगळी हृदयं गोळा केली की पेटी उघडते, पेटीतलं रत्न घेतलं की दार. हिरवे ठोकळे फक्त ढकलायचे. घड्याळ मागे लागलेलं नाही, घाई आपलीच. कुठे अडलात आणि कसे सुटलात ते लिहा. "सोपा आहे" म्हणणाऱ्यांनी पन्नासावी खोली पाहिलीय का ते आधी सांगावं.

चिंचगूळ: माझी वैरीण मेड्युसा. तिच्या सरळ रेषेत आलात, आडव्या किंवा उभ्या, की लोलो गेलाच. बऱ्याच मरणांनंतर उमगलं की आधी ठोकळा तिच्या नजरेआड सारायचा आणि मग त्याच्या आडून निघायचं. सासरी पाहुण्यांसमोरून स्वयंपाकघरात सटकायची सवय होती, ती इथे कामी आली.

जुना जॉयस्टिक: आम्ही तेव्हा न्यू जर्सीत. शुक्रवारी कॅसेट भाड्याने आणायची, रविवारी परत. मधला आधार म्हणजे चार अक्षरांचा पासवर्ड. मी तो भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. महिना संपला, आईने पान फाडलं, मी पुन्हा पहिल्या मजल्यावर. आजही तिला सांगितलं तर म्हणते, "मग वहीत का नाही लिहिलंस?"

उंबरठा: रॉकी या शत्रूबद्दल कोणीच का बोलत नाही? तो मारत नाही हो, नुसता वाट अडवून उभा राहतो. कोपऱ्यात गाठलं की हलता येत नाही. मग सिलेक्ट दाबायचं, लोलो आपणहून प्राण सोडतो, खोली पहिल्यापासून. असं बटण द्यावं लागलं यातच गेमचा स्वभाव कळतो.

मठ्ठ: कंटाळवाणा. एकच धून खोल्यामागून खोल्या. दुसऱ्या मजल्यावर टीव्हीचा आवाज बंद केला, तिसऱ्यावर टीव्ही.

रात्रपाळी: आमच्या इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये सोकोबान होता, पेट्या ढकलून जागेवर न्यायचा गेम. हिरोयुकी इमाबायाशीचा, थिंकिंग रॅबिट कंपनीने १९८२ साली बाजारात आणलेला. ठोकळे ढकलण्याचं घराणं तिथलं. जोसेफ कल्बरसन यांनी १९९७मध्ये सोकोबान पीस्पेस-कम्प्लीट, म्हणजे संगणकालाही फार अवघड जाणाऱ्या कोड्यांपैकी, असल्याचं दाखवलं, तेव्हा आमचं अडकणं शास्त्रशुद्ध ठरलं. पण लोलोत मी वेगळ्याच कारणाने अडकलो. सोकोबानमध्ये प्रत्येक पेटीची जागा आखलेली असते. लोलोत ठोकळ्याला जागा नाही. तो कशासाठी ठेवलाय हे आधी ओळखायचं. नजर अडवायला? 'गोल' नावाच्या शत्रूच्या तोंडासमोर ठेवायला? शेवटचं हृदय उचललं की गोल जागा होतो आणि आग ओकतो, म्हणजे बंदोबस्त तो झोपेत असतानाच करायचा. बरं, लोलो अर्ध्या घराने सरकतो. मी महिनाभर पूर्ण घरांच्या हिशेबाने विचार करत होतो. एके रात्री चुकून ठोकळा अर्ध्यावर थांबला आणि जी फट उरायची तीच बुजली. रात्री दोन वाजता हॉस्टेलवर ओरडलो, शेजारच्या खोलीतून चप्पल आली.

आणि अंडी! जादूचा शॉट मारला की शत्रूचं अंडं होतं, ते पाण्यात ढकलून वर चढायचं. बुडायच्या आत पलीकडे पोचलात तर ठीक. बिचारा स्नेकी, कोणाला काही करत नाही, आणि सगळ्यात जास्त अंडी त्याचीच होतात.

डावखुरी: लीपर नावाचा शत्रू आपल्याला शिवला की तिथेच झोपतो, कायमचा. त्याला बोळाच्या तोंडाशी शिवू दिलंत तर संपलं. शिवाशिवीत एवढा विचार कधी केला नव्हता.

उंबरठा: गंमत म्हणजे १९९२च्या 'किर्बीज ड्रीम लँड' या गेममध्ये लोलो-लालाची हीच जोडी लोलोलो-लालाला होऊन किर्बीच्या अंगावर ठोकळे ढकलते. इतकी वर्षं ढकलून डोकं फिरलं असणार.

रात्रपाळी: @उंबरठा, लाला राजकन्येला सोडवायला पन्नास खोल्या आणि शेवटी हे. :)

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. लेक चौथ्या मजल्यावर पोचली. मी शेजारी बसून "अगं, तो भिंतीला..." एवढंच म्हणतो, लगेच "बाबा, बोलायचं नाही." काल बघतो तर कोपऱ्यात रुतलेला ठोकळा सरसर मागे येतोय. स्विचवर खेळ उलटा फिरवता येतो, ते तिने शोधून काढलंय. मी म्हटलं, ही चीटिंग झाली. ती म्हणाली, "तूच म्हणालास ना, ओढता येत नाही?"